काडतूस, सावज आणि सरकार

‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. मूळ शब्द ‘कार्तुशो’. वसईपासून माहीम-तारापूर-डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर १५३४ ते १७३९ अशी सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीजांचा अंमल होता, तेव्हा या पट्ट्याला तो शब्द आणि ती वस्तू यांची ओळख फार जुनी आहे असे म्हणायला हरकत नाही. जानेवारी १७३९ मध्ये तारापूरच्या किल्ल्याला मराठ्यांनी वेढा घातला. किल्ला पडला, पण बाजी भिवराव रेठरेकरांसारखा सरदार तेथे गोळी लागून कामास आला. आज बोईसरच्या स्थानकावर उतरून कारखान्यांकडे जाणाऱ्या माणसाला तारापूर म्हटले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीजकेंद्र आठवते. परंतु दारूगोळ्याशी असलेले या गावाचे नाते त्याहून जुने आहे.

बंदुकीशी निगडित शब्दांची यादी करून पाहिली तर एक गंमत ध्यानात येते. तोफ तुर्कीतून आली, बंदूक अरबीतून, पिस्तूल आणि काडतूस पोर्तुगीजांकडून, रायफल इंग्रजांकडून. ‘शिकार’ हा शब्ददेखील फार्सी. या साऱ्या परक्या नावांच्या मेळाव्यात अस्सल घरचे म्हणावे असे हत्यार एकच, ते म्हणजे ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू भरायची, वर चिंधी, मग छर्रे, आणि गजाने ते सारे ठासायचे. ज्या एका हत्याराला मराठीने आपले नाव दिले, नेमके तेच पुढे कायद्याने येथल्या शेतकऱ्याच्या हाती ठेवले. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण कायद्याची ती वाट मात्र योगायोगाने आखलेली नव्हती. या लेखात तिचाच माग काढायचा आहे.

प्रश्न वरवर पाहता अगदी साधा आहे. हरीण आणि रानडुक्कर यांच्या शिकारीसाठी किती ताकदीचे काडतूस पुरेसे असते? अमेरिकेत किंवा युरोपात हा दुकानाच्या फळीवर सुटणारा प्रश्न आहे. गिऱ्हाईक विचारतो, दुकानदार सांगतो. आपल्याकडे तो तसा कधीच सुटला नाही. गेल्या दीडशे वर्षांत या देशात शिकारीच्या काडतुसाची निवड करताना डोळ्यांसमोर सावज फारसे नव्हते. होता तो बंदूक धरणारा माणूस. त्याच्या हाती किती ताकद द्यायची, याचा निर्णय आधी होई आणि सावजाने त्यात आपले मरण बसवून घ्यावे, अशी अपेक्षा असे.

आधी सावजाच्या बाजूचे गणित पाहू. पालघर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या भागात पूर्वापार आढळणारे हरीण म्हणजे मुख्यतः भेकर. वजनाने वीस-पंचवीस किलो. चितळाचा नर सत्तर-ऐंशी किलोंचा, तर सांबर दोनशे किलोंच्याही पुढे जाते. रानडुकराचा पूर्ण वाढलेला नर शंभर किलोंच्या आसपास भरतो, आणि त्याच्या खांद्यावरची कातडी वयाबरोबर ढालीसारखी जाड होत जाते. सागाच्या दाट रानात किंवा शेताच्या बांधावर ही जनावरे चाळीस-पन्नास पावलांवर, फार तर शंभर पावलांवर दिसतात. एवढ्या अंतरावरून एवढ्या जनावराला झटकन मरण यावे म्हणून हत्तीवरची बंदूक लागत नाही. नळीच्या तोंडाशी अडीच-तीन हजार जूल ऊर्जा देणारी, दहा-पंधरा ग्रॅमची गोळी भरपूर होते. त्याहून जबर काडतूस घेतले तर खांद्याला धक्का बसतो, धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना हात दचकतो, आणि नेम चुकलेल्या जबर गोळीपेक्षा नेमकी बसलेली मध्यम गोळी केव्हाही दयाळू असते.

जगभरच्या जुन्याजाणत्या शिकाऱ्यांचा अनुभवही असाच आहे. अमेरिकेत १८९५ मध्ये बाजारात आलेले ‘थर्टी-थर्टी’ हे काडतूस ताकदीने बेताचेच. पण हरणांसाठी ते शंभर वर्षांहून अधिक काळ पुरले. आपल्याकडे जिम कॉर्बेट यांना १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल भेट मिळालेली रिग्बी रायफल ‘.२७५’ची होती. हे काडतूस म्हणजे १८९०च्या दशकातले जर्मन सात मिलिमीटरचे माउझर काडतूस, इंग्रजी नाव लावलेले. वजनदार हत्यारे हाताशी असूनही कॉर्बेट यांनी ही हलकी रायफल वर्षानुवर्षे जवळ बाळगली. दिवसभर डोंगर तुडवताना हलके हत्यार हाताला साथ देते, हे त्यामागचे साधे कारण.

गोळीच्या जातीचाही येथे उल्लेख करायला हवा. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात १८९०च्या दशकात टोकाशी मऊ शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार झाली. ती शरीरात शिरल्यावर पसरते. सरहद्दीवरच्या टोळ्यांविरुद्ध ती वापरली गेली, जगभर गहजब झाला आणि १८९९च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर युद्धापुरती बंदी आली. शिकारीत मात्र न्याय नेमका उलटा आहे. तेथे मऊ टोकाची गोळीच योग्य मानतात, कारण युद्धातली कडक कवचाची गोळी जनावराच्या अंगातून आरपार जाते आणि जखमी जनावर रानात जाऊन दोन दिवसांनी मरते. सैनिकाला वाचण्याची संधी असावी आणि सावजाला तडफड नसावी, अशी ही दोन वेगळी माणुसकीची मापे आहेत. ही दोन्ही मापे लिहून ठेवणाऱ्यांना जनावराचा आणि माणसाचा विचार करता येत होता, हे येथे नोंदवून ठेवू. कारण यापुढची कथा वेगळी आहे.

१८५७च्या उठावानंतर इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील प्रजेला निःशस्त्र करायला सुरुवात केली आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८चा शस्त्र कायदा आला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हिंदी माणसाला गुन्हा ठरले. युरोपियनांना त्यातून सूट होती. १८८७च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्यात बदल करण्याची मागणी करणारा ठराव केला, म्हणजे ही सल राजकारणात किती लवकर पोचली होती ते दिसते. कोडगूमधील कोडव समाजाला मात्र एकोणिसाव्या शतकातच कायद्यातून सवलत मिळाली. स्वतंत्र भारतात ती चालू राहिली आणि २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवली गेली. कोडव आणि वारली हे दोघेही रानाच्या कुशीत वाढलेले, दोघांचीही शिकारीची परंपरा जुनी. फरक होता तो सत्तेशी असलेल्या नात्यात.

याच सुमारास सरकारला दुसरी एक चिंता लागली. ब्रिटिश फौजेने १८८८ मध्ये ३०३ बोअरची रायफल स्वीकारली. आपल्या पिढीने पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली ‘थ्री-नॉट-थ्री’ ती हीच. आता खासगी शिकाऱ्यांनाही त्याच बोअरची रायफल घेऊ दिली, तर बराकीतून चोरलेले काडतूस त्यांच्या रायफलीत चालणार, आणि शिकाऱ्याचे काडतूस बंडखोराच्या हाती गेले तर पळवलेल्या सरकारी रायफलीत चालणार. म्हणून ३०३ बोअर खासगी वापरासाठी बंद झाला. त्याआधीच्या मार्टिनी-हेन्री रायफलींमुळे ४५० बोअरवरही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अशीच गदा आली. परिणाम असा, की इंग्लंडमधील नामांकित बंदूककारांना केवळ हिंदुस्थानच्या बाजारासाठी ४६५, ४७०, ४७५ असे शेजारशेजारचे नवे बोअर काढावे लागले. वाघ किंवा गवा बदलला नव्हता; बदलला होता तो आकडा.

हरीण-डुकराच्या मापाच्या काडतुसाबाबत तोडगा निघाला तो ऑस्ट्रियातून. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे आठ मिलिमीटरचे मानलिखर काडतूस हिंदुस्थानातल्या कोणत्याही सरकारी रायफलीत बसत नव्हते. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने ली-एनफिल्डच्याच घडणीची शिकारी रायफल या काडतुसासाठी तयार केली. आठ मिलिमीटर म्हणजे इंचाच्या हिशेबात .३१५. ‘३१५ बोअर’ हे नाव असे रूढ झाले. स्वातंत्र्यानंतर बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्याने तीच रायफल नागरिकांसाठी बनवायला घेतली आणि आजही भारतात सामान्य परवानाधारकाला मिळू शकणारी ओळखीची रायफल म्हणजे ३१५. ज्या साम्राज्याच्या फौजेसाठी हे काडतूस जन्मले ते साम्राज्य १९१८ मध्ये लयाला गेले. काडतूस मात्र शंभरहून अधिक वर्षांनीही भारतात नांदते आहे.

आता दोन्ही काडतुसे शेजारी ठेवून पाहावीत. ३०३ची गोळी ११.३ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर. ऊर्जा साधारण ३१०० जूल. ३१५ची गोळी १५.८ ग्रॅमची, वेग सुमारे ६२० मीटर. ऊर्जा साधारण ३००० जूल. म्हणजे ताकदीत म्हणावा असा फरक नाही. शंभर पावलांवरच्या रानडुकराला या दोहोंतला भेद कळणार नाही. ३१५ दिले ते कमी घातक म्हणून नव्हे. नावातल्या मापात फरक आहे तो केवळ तीन दशांश मिलिमीटरचा, नखाच्या जाडीइतका. पण त्या तीन दशांशाच्या अलीकडे प्रजा होती आणि पलीकडे राज्य. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला, १९६२ मध्ये नियम केले. तरीही ३०३ हा ‘निषिद्ध बोअर’ म्हणून कायम राहिला. ही रेघ ओढणारे निघून गेले तरी रेघ आपण जपून ठेवली, असेच म्हणावे लागते.

अर्थात ३१५ची ही गोष्टदेखील संस्थानिक, जमीनदार, साहेब आणि बडे अधिकारी यांची. पालघर-डहाणूच्या पाड्यांवरील माणसापर्यंत ती पोचलीच नाही. त्याच्यासाठी १९५९च्या कायद्यातले कलम १३ पाहावे. पिकाच्या राखणीसाठी परवाना द्यायचा तो ठासणीच्या बंदुकीचा; ती अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक. रायफलीच्या नळीला आतून पिळदार आटे असतात, त्यामुळे गोळी फिरत आणि सरळ जाते. गुळगुळीत नळीतून छर्रे फेकले जातात आणि तीस-चाळीस पावलांपलीकडे त्यांचा भरवसा राहत नाही. कोकणातील भात आश्विन-कार्तिकात पिकते, तेव्हा परतीचा पाऊस पुरता गेलेला नसतो. दमट हवेत ठासलेली दारू धरत नाही. ‘फुसका बार’ हा वाक्प्रचार आपण आता पुढाऱ्यांच्या भाषणांसाठी वापरतो; त्याचा मूळ अर्थ ओल्या रात्री माळ्यावर बसलेल्या राखणदाराला नीट ठाऊक असतो. बार उडाला तरी तो एकच. पुन्हा ठासेपर्यंत कळप नागलीच्या शेतातून पसार झालेला असतो, आणि एखादे जनावर पोटात छर्रे घेऊन गेलेले असते.

कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटरपर्यंत जीवघेणी राहू शकते. आपल्याकडे गाव म्हणजे एका ठिकाणी वसलेली घरे नव्हेत. डोंगरउतारांवर विखुरलेले दहा-बारा पाडे मिळून एक गाव होते. खाली मुंबई-अहमदाबाद महामार्ग, रेल्वे, बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत. अशा ठिकाणी रात्रीच्या अंधारात रायफल चालवणे धोक्याचेच. तेव्हा शेतकऱ्याला लांब पल्ल्याचे हत्यार नको, या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु हे तथ्य कायद्याच्या मुळाशी होते असे मानता येत नाही. शेजारच्या पाड्याची एवढी काळजी असती, तर त्याच पाड्यांवर सरकारी गोळ्या इतक्या सहज चालल्या नसत्या.

त्या चालल्या, हा या जिल्ह्याचा इतिहास आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरमध्ये निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे त्यात मारले गेले. वेठ आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या माणसांची कहाणी गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून महाराष्ट्राला कळली. ज्या माणसाला डुकरासाठी पुरेसे काडतूस देणे सरकारला धोक्याचे वाटत होते, त्याच्या छातीसाठी काडतूस शोधताना ते कधी अडले नाही. येथे बोअरचा, ताकदीचा, पल्ल्याचा प्रश्न कुणी विचारला नाही.

पुढे शिकारीचाच काळ संपला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आणले. तरी काही प्राण्यांसाठी परवान्याची सोय शिल्लक होती. १९९१च्या दुरुस्तीने तीही गेली. हे योग्यच झाले. बंदूक, ट्रक आणि विजेरी यांच्या साहाय्याने झालेल्या कत्तलीनंतर रानात उरले होते तरी किती? मात्र कायद्याने शिकार संपली तरी शेत आणि डुक्कर यांचा झगडा संपला नाही. रानात वाघ राहिला नाही, वाघोबाचा पाट तेवढा राहिला. सूर्या प्रकल्पाच्या कालव्यांमुळे काही गावांत उन्हाळी भातही होऊ लागले, आणि डुकराला वर्षातून दोनदा ताट वाढलेले मिळू लागले. उभ्या पिकाची नासाडी करणारे जनावर मारण्याची परवानगी कलम ११ खाली वनअधिकारी देऊ शकतो. केरळने २०२२ मध्ये तो अधिकार थेट स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवला. पण परवानगी हाती पडल्यावर मारायचे कशाने, हा प्रश्न पुन्हा त्याच जुन्या कलमापाशी येऊन थांबतो.

शिवाय एक साधी तारीखवार अडचण आहे. २०१९ची विधानसभा निवडणूक २१ ऑक्टोबरला झाली, २०२४ची २० नोव्हेंबरला. हाच भातकापणीचा हंगाम. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. कुणाची जमा करायची हे छाननी समिती ठरवते. ज्याचे शस्त्र जमा झाले, त्याची बंदूक ऐन सुगीत ठाण्याच्या कपाटात आणि डुकरे शेतात, अशी स्थिती होते. लोकशाहीचा उत्सव शांततेत व्हावा यात वाद नाही. पण राखणीच्या बंदुकीकडे राज्य अजूनही संभाव्य बंडाचे हत्यार म्हणूनच पाहते, ही १८७८ची नजर त्यातून डोकावल्यावाचून राहत नाही.

कायद्याने पुरेसे साधन दिले नाही, म्हणजे माणूस हात बांधून बसतो असे नाही. तो बेकायदा साधनाकडे वळतो. गावठी बंदूक, तारेत सोडलेली वीज, आमिषात दडवलेला स्फोटक गोळा. यांतले प्रत्येक साधन जनावराला अधिक क्रूर मरण देते आणि माणसालाही सोडत नाही. जानेवारी २०२५च्या अखेरीस मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकी एकाने अंधारात हालचाल पाहून बार काढला, आणि समोर डुक्कर नव्हते, आपलाच सोबती होता. घाबरलेल्या मंडळींनी मृतदेह झुडपांत लपवला. प्रकरण उघडकीस आल्यावर पोलिसांनी अनेकांना ताब्यात घेतले. वर्तमानपत्रांनी ती बातमी विचित्र घटना म्हणून छापली. परंतु चोरून जावे लागते म्हणून रात्री जायचे, उजेड करायचा नाही, हाका द्यायची नाही, आणि हाती असेल त्या हत्याराने दिसेल त्यावर बार काढायचा, या साऱ्याला एक इतिहास आहे. त्याची सुरुवात बोरशेतीच्या जंगलात झालेली नाही.

‘पारध’ हा आपला जुना शब्द ‘पापर्द्धि’ या संस्कृत शब्दावरून आला असे मानतात. म्हणजे ज्यात पापाची वृद्धी होते ते. शब्द घडवणाऱ्यांनी जीव घेण्याच्या कृत्यात असलेले ओझे ओळखले होते. हे ओझे हलके करण्याचा एकच मार्ग शिकाऱ्यांच्या परंपरेला ठाऊक होता. मारायचेच असेल तर एका गोळीत, न तडफडवता, आणि शेजाऱ्याला इजा न होता मारावे. मध्यम ताकदीच्या काडतुसाचे सारे शास्त्र या तीन अटींत येते. या अटींवर चर्चा झाली असती, तर कदाचित पाड्यांच्या भागासाठी रायफल नकोच, दिवसाउजेडी माळ्यावरून चालवायची चांगली बारा बोअरची बंदूक आणि प्रशिक्षित नेमबाज पुरे, असाही निष्कर्ष निघाला असता. नुकसानभरपाई वेळेवर मिळाली तर बंदूकच नको, असेही एखादी ग्रामसभा म्हणाली असती. पण ती चर्चा झाली नाही. आपण १८७८च्या भीतीला १९५९चे कलम जोडले, त्याला १९७२ची बंदी जोडली, आणि या तिन्हींच्या सांध्यात उभ्या असलेल्या माणसाला कधी काही विचारले नाही.

कार्तिकात जव्हार-विक्रमगडकडून कॉलेजात येणारी मुले पहिल्या तासाला पेंगतात. रात्रभर माळ्यावर डबे वाजवून ती आलेली असतात. त्यांच्या घरी ठासणीची बंदूक असलीच तर ती आजोबांच्या नावावर आहे. परवान्याचे नूतनीकरण झालेले नसते, आणि गजाला गंज चढलेला असतो.